वाचकांचे प्रश्न : पहाटेचा गजर आणि झोपेचा हिशेब

सकाळच्या दिनक्रमाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत आणि पत्रे आवश्यक तेवढी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी मूळचा धाराशिव जिल्ह्यातला असून गेली दोन वर्षे पुण्यात नवी पेठेत राहून राज्यसेवा परीक्षेची तयारी करीत आहे. अभ्यासिकेतून परतायला रात्रीचे अकरा वाजतात आणि झोपेपर्यंत साडेबारा होतात. यशस्वी उमेदवारांच्या मुलाखती ऐकून मी पहाटे साडेचारचा गजर लावतो. आठवडाभर जमते, मग दोन दिवस नऊपर्यंत जाग येत नाही आणि सगळे वेळापत्रक कोलमडते. खोलीतले मित्र म्हणतात की इच्छाशक्ती कमी पडते. सकाळची शिस्त कशी लावून घ्यावी? – एक परीक्षार्थी, पुणे

उत्तर : इच्छाशक्तीचा विचार करण्याआधी तुम्ही पत्रात दिलेल्या वेळांची वजाबाकी करून पाहा. साडेबारा ते साडेचार म्हणजे चार तास होतात आणि अंथरुणावर पडल्यापासून झोप लागेपर्यंतचा वेळ त्यातूनच वजा होतो. निद्राविकारतज्ज्ञांच्या अमेरिकेतील दोन प्रमुख संस्थांनी २०१५ मध्ये संयुक्तपणे केलेली शिफारस अशी आहे की, प्रौढ व्यक्तीने नियमितपणे रात्री किमान सात तास झोपावे. या हिशेबाने तुमची रोज तीन तासांची तूट पडते आणि आठवडाभरात ती एकवीस तासांवर, म्हणजे पूर्ण तीन रात्रींच्या झोपेइतकी होते. त्यानंतर दोन दिवस नऊपर्यंत जाग येत नाही, याचा अर्थ शरीर आपली थकबाकी वसूल करीत आहे एवढाच आहे. त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका आणि मित्रांनाही देऊ देऊ नका.

आपल्याला झोप कधी येते आणि जाग कधी येते, हे प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरते. जितका वेळ आपण जागे असतो तितके अ‍ॅडिनोसिन हे द्रव्य मेंदूत साठत जाते आणि झोपेची ओढ वाढते, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेले जैविक घड्याळ. पेशींमधील हे घड्याळ जनुकांच्या पातळीवर कसे चालते, याचा उलगडा फळमाशीवरील प्रयोगांतून करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या बाबतीत या घड्याळाची एक फेरी सरासरी चोवीस तासांपेक्षा थोडी मोठी असते, म्हणून त्याला मोकळे सोडले तर ते रोज थोडे थोडे मागे पडत जाते. त्याला रोज जागेवर आणणारी सर्वांत प्रभावी गोष्ट प्रकाश ही आहे. उठल्यानंतर डोळ्यांना मिळालेला उजेड घड्याळ पुढे ओढतो, त्यामुळे रात्री झोप लवकर येते. रात्री उशिरा मिळालेला उजेड ते मागे ढकलतो आणि झोप लांबते. लक्स या प्रकाश मोजण्याच्या एककात सांगायचे तर ढगाळ सकाळीसुद्धा उघड्यावर काही हजार लक्स इतका प्रकाश असतो, तर ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत तो बहुधा काही शे लक्सच्या पुढे जात नाही. तुमचा दिवस अभ्यासिकेतील कप्प्यात आणि रात्र मोबाइलच्या उजेडात जात असेल, तर तुमच्या घड्याळाला सकाळ केव्हा झाली हे नीट कळतच नाही.

म्हणून माझा आग्रह असा आहे की, साडेचारचा नाद तूर्त पूर्णपणे सोडावा, उठण्याची एकच वेळ ठरवावी आणि ती रविवारीही बदलू नये. तुमच्यासाठी मी सहा ही वेळ सुचवीन, म्हणजे पावणेअकराला दिवा मालवलेला असावा. आज साडेबाराला झोपणारा माणूस उद्या पावणेअकराला झोपू शकत नाही, हे गृहीत धरून चाला. प्रथम सलग काही दिवस साडेसातला उठा. ते अंगवळणी पडले की दर तीन-चार दिवसांनी उठण्याची आणि झोपण्याची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत खोलीबाहेर पडा. नवी पेठेतून सारसबाग पायी जाण्यासारखी आहे. तिथपर्यंत जाऊन आलात की चालणेही होईल आणि डोळ्यांना हवा तो उजेडही मिळेल. या एका गोष्टीचे महत्त्व मला उरलेल्या सर्व उपायांपेक्षा अधिक वाटते, आणि तिला खर्च काहीच नाही.

खरी कसोटी संध्याकाळी आहे. अभ्यासिकेतून साडेनऊला निघावे लागेल, मेसमध्ये त्याआधीच जेवून घ्यावे लागेल आणि मोबाइल अंथरुणापासून दूर, शक्यतो खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावावा लागेल. गजर त्याच्यातच असेल तर तो बंद करण्यासाठी उठावे लागते, हा त्याचा दुसरा फायदा. अभ्यासिकेखालच्या टपरीवरील रात्रीच्या चहाविषयीही लिहितो. चहा-कॉफीतील कॅफिन अ‍ॅडिनोसिनचा परिणाम रोखून धरते, म्हणून झोप उडाल्यासारखी वाटते. पण शरीरातील कॅफिन निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या चहातील निम्मे कॅफिन पहाटे तीनलाही शरीरात असते, त्यामुळे दिवसातला शेवटचा चहा दुपारी चार-साडेचारच्या पुढे जाऊ देऊ नये.

पहाटे उठून दोन तास जास्त अभ्यास होतो, असे वाटण्यात एक मोठी त्रुटी आहे. दिवसभर वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे काम झोपेत होते. गाढ झोपेचा वाटा रात्रीच्या पूर्वार्धात अधिक असतो, तर स्वप्नांची झोप उत्तरार्धात वाढत जाते. साडेबाराला झोपून साडेचारला उठणारा विद्यार्थी हा उत्तरार्ध रोज कापून टाकतो आणि त्याबरोबर आदल्या दिवशीच्या अभ्यासाचा काही भागही गमावतो. पहाटे साडेचारला पुस्तक उघडून बसलेला आणि दुपारी त्याच पुस्तकावर डोके टेकून झोपलेला परीक्षार्थी पेठांमधील कोणत्याही अभ्यासिकेत दिसतो. पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर मात्र दुपारीच असतो.

उठल्यानंतर पहिली पंधरा ते तीस मिनिटे, कधी त्याहून अधिक वेळ, मेंदूवर झोपेची सुस्ती राहते. त्या वेळी कोणताही निर्णय घ्यायची पाळी स्वतःवर आणू नका. आज इतिहास की अर्थशास्त्र, हे रात्रीच ठरलेले असावे, वही त्या पानावर उघडलेली असावी आणि कृतीला निश्चित खूण जोडलेली असावी. ‘सकाळी अभ्यास करीन’ असा संकल्प करण्यापेक्षा ‘फिरून आलो, चहा झाला की त्याच खुर्चीत बसून एक उत्तर हाताने लिहीन’ असे ठरवणाऱ्यांच्या हातून काम पार पडण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनाने दाखवले आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यामुळे तुम्हाला लेखनाचा सराव रोज हवाच आहे. तो मोबाइल हातात घेण्याआधी झाला, तर दिवसातले सर्वांत कठीण काम नऊच्या आत हातावेगळे होईल. दुपारी पेंग आलीच तर तीनच्या आत वीस मिनिटे झोपण्यास हरकत नाही.

प्रश्न : मी त्रेचाळीस वर्षांची असून मुंबईत एका कार्यालयात नोकरी करते. आमच्याकडे पहाटे पाचला पाणी येते, म्हणून पावणेपाचला उठते. पाणी भरणे, पोळ्या-भाजी, तीन डबे, सासूबाईंचा चहा आणि औषधे आटोपून सात-वीसची लोकल पकडते. रात्री झोपायला साडेअकरा होतात. ‘सकाळचा पहिला तास स्वतःसाठी ठेवा’ असे सगळीकडे वाचते आणि आपल्यातच काही कमी आहे असे वाटते. मी चारला उठावे का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही, चारला मुळीच उठू नये. आपण आज जेमतेम सव्वापाच तास झोपता आणि त्यातून आणखी पाऊण तास काढून घेणारा कोणताही दिनक्रम, तो कितीही सुंदर शब्दांत सांगितलेला असो, आपल्या प्रकृतीला घातक आहे. आपल्यात शिस्तीची उणीव नाही. इतकी वर्षे पाण्याची आणि लोकलची वेळ एक दिवसही न चुकवता सांभाळणाऱ्या व्यक्तीला शिस्त शिकवण्याचे धाडस मी करणार नाही. आपल्या सकाळी जे कमी आहे ते म्हणजे वाटेकरी.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे आढळले की, घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, तर अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. हा फरक दोनशे मिनिटांहून अधिक आहे. सकाळच्या उत्पादक तासाविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक वेळा अशा माणसाला समोर ठेवून लिहिलेले असते, ज्याचा चहा, डबा आणि इस्त्रीचे कपडे दुसरे कोणीतरी तयार ठेवते. त्या दुसऱ्या व्यक्तीची सकाळ कोणी मोजत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, आणि म्हणूनच आपले पत्र या अंकात घेण्याचा मी आग्रह धरला.

आता प्रत्यक्ष काय करता येईल ते पाहू. एका रविवारी पती आणि मुलगा यांना बरोबर घेऊन पावणेपाच ते सात या वेळेतील प्रत्येक काम कागदावर लिहा आणि ते कोण करते तेही त्याच्यापुढे लिहा. बोलून जे पटत नाही ते अशा कागदावर सहसा नाकारता येत नाही. पाण्याची वेळ महानगरपालिका ठरवते, ती आपल्या हातात नाही. परंतु नळाखाली पिंप भरण्यासाठी रोज आपणच उठावे असा काही नियम नाही. पती आणि मुलगा यांनी आठवड्यातले दोन-दोन दिवस वाटून घेतले, तर त्या चार दिवशी आपण साडेपाचपर्यंत झोपू शकाल. सासूबाईंना सकाळचा चहा आणि औषधे देणे हे काम तर घरातून उशिरा निघणाऱ्यानेच करावे. भाजी निवडून-चिरून ठेवणे, डब्यांचे पदार्थ ठरवणे, कपडे काढून ठेवणे ही कामे रात्री जेवणे झाल्यावर तिघांनी मिळून केली तर वीस मिनिटांत होतात. पोळ्यांसाठी बाई लावणे परवडत असेल तर तो खर्च चैनीत मोजू नये.

पहिले काही आठवडे पाणी सांडेल, भाजी जाडसर चिरली जाईल. अशा वेळी ‘राहू दे, मीच करते’ हे वाक्य तोंडात येईल, ते निग्रहाने टाळावे.

स्वतःसाठीचा वेळ सकाळीच असला पाहिजे असे शास्त्र कोठेही सांगत नाही. कार्यालयातील जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटे उन्हात चालणे किंवा घरी परतल्यावर अर्धा तास दार लावून बसणे तितकेच उपयोगी आहे. वाचवलेला वेळ मात्र प्रथम झोपेला द्यावा आणि सात तास पुरे झाल्याखेरीज दुसऱ्या कशालाही देऊ नये. पुरेशी झोप मिळू लागल्यावरही थकवा गेला नाही, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी, कारण या वयातील स्त्रियांच्या थकव्यामागे अनेकदा ही कारणे असतात.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत असून अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेची तयारी करतो. माझे वडील, म्हणजे त्याचे आजोबा, त्याने ब्राह्ममुहूर्तावर उठावे असा आग्रह धरतात. मुलगा रात्री बारापर्यंत जागतो आणि सकाळी हाका मारूनही उठत नाही. घरात यावरून रोज कटकट होते. – एक पालक, नागपूर

उत्तर : आजोबांचा आग्रह मुलाच्या हितासाठीच आहे, म्हणून त्याचा विचार आदराने करू. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाआधी ९६ मिनिटांनी सुरू होतो आणि ४८ मिनिटे आधी संपतो. नागपुरात जूनच्या आरंभी सूर्य सुमारे साडेपाचला उगवतो आणि जानेवारीत सातला थोडी मिनिटे कमी असताना. म्हणजे हा मुहूर्त ऋतूप्रमाणे सव्वा तासाहून अधिक सरकतो. तो पाळणाऱ्या पिढ्या दिवेलागणीनंतर दोन-तीन तासांत झोपी जात होत्या. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात दिनचर्येच्या अध्यायाचा आरंभ याच उपदेशाने होतो आणि तो निरोगी व्यक्तीला उद्देशून केलेला आहे. बारापर्यंत जागणाऱ्या मुलाला चारला उठवले तर त्या उपदेशातील निरोगीपणाची अटच पाळली जात नाही.

वयात येताना मुलांचे जैविक घड्याळ मागे सरकते, झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते आणि त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलाला दहाला खरोखरच झोप येत नाही. या वयात आठ ते दहा तासांची झोप आवश्यक असते. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा आदेश काढला, तो लहान मुलांच्या झोपेचाच विचार करून. अकरावी-बारावीच्या मुलांना तशी सवलत नाही, पण त्यांची गरज काही कमी नाही.

मुलाने साडेदहाला झोपून साडेसहाला उठावे, हे लक्ष्य मला योग्य वाटते. त्यासाठी दहा वाजता घरातील दूरचित्रवाणी आणि मोठे दिवे सर्वांसाठीच बंद व्हावेत. मुलाला झोपायला सांगून मोठ्यांनी बातम्या पाहत बसणे न्यायाचे नाही. शिकवणीवरून यायला साडेआठ-नऊ होत असतील, तर त्यानंतर नवा धडा न घेता उजळणी करावी. सुट्टीच्या दिवशी त्याला फार तर तासभर अधिक झोपू द्यावे. अकरापर्यंत झोपू दिले तर सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आजोबांनी हाका मारण्याऐवजी साडेसहाला त्याला बरोबर घेऊन फिरायला निघावे. नागपूरच्या उन्हाळ्यात ही वेळ उजेडाला पुरेशी आणि उन्हाच्या आधीची आहे.

प्रश्न : हिंजवडीतील एका कंपनीत मी संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन अशी पाळी करतो. आई आठ वाजता नाश्त्यासाठी उठवते. मग दिवसभर डोके जड राहते. मला सकाळचा दिनक्रम शक्य तरी आहे का?

उत्तर : शक्य आहे, फक्त तुमची सकाळ दुपारी बाराला सुरू होते. घरी येताना उजाडू लागले असेल तर गडद चष्मा लावा, खोलीला जाड पडदे लावा आणि पाच ते बारा ही झोप अखंड ठेवा. बाराला उठल्यावर ऊन, चालणे आणि दिवसातले पहिले महत्त्वाचे काम, या क्रमाने सुरुवात करा. सुट्टीच्या दिवशी सर्वांसारखे रात्री दहाला झोपण्याचा मोह आवरा. तीन ते दहा असे झोपलात तर आठवड्यातले सर्व दिवस निदान पाच तासांची झोप एकाच वेळी राहते आणि घड्याळ फारसे हलत नाही. परत येताना स्वतः दुचाकी चालवू नका, कंपनीची गाडी घ्या. आईंना माझ्या वतीने सांगा की, त्यांनी प्रेमाने केलेले पोहे बाराला खाल्ले तरी तितकेच अंगी लागतात, पण आठला मोडलेली झोप दिवसभरात भरून निघत नाही.

प्रश्न : कोणतीही सवय एकवीस दिवसांत लागते, असे एका व्याख्यानात ऐकले. मी लवकर उठण्याचा प्रयत्न महिनाभर केला, तरी सवय लागली नाही. मध्ये दोन-तीनदा खंडही पडला. पुन्हा पहिल्यापासून मोजायचे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एकवीस हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याशी जुळवून घ्यायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यात सवयींची मोजणी केलेली नव्हती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी कृती आपसूक होऊ लागायला लागलेल्या काळाचा मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना अधिक वेळ लागतो असा मधला आकडा) ६६ दिवस होता आणि व्यक्तीनुसार व सवयीनुसार हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. जेवताना पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयी लवकर लागल्या, व्यायामाच्या सवयींना अधिक वेळ लागला. त्याच अभ्यासात असेही दिसले की, एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्याच्या क्रमावर विशेष परिणाम होत नाही. तेव्हा पहिल्यापासून मोजू नका. ज्या दिवशी खंड पडेल त्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळीच उठा, आणि चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून गजर आणखी अर्धा तास अलीकडे ओढू नका.